गुरुजी म्हणतात

बसस्थानकातल्या घोषणेच्या केबिनमध्ये दोन माणसं मावत नाहीत. खुर्ची, माईक, गाड्यांच्या वेळांचा फळा आणि घोषणा करणारी ताई, एवढं झालं की केबिन भरली. त्या दुपारी ड्रायव्हरची बायको त्यातच घुसली. बेकरीतून उठून तशीच आली होती. कोपरापर्यंत हात मैद्यानं पांढरे, डोक्याला रुमाल बांधलेला.

"माईक बंद करू नका," ती म्हणाली. "ऐकू दे सगळ्या स्टँडला. तुमच्या गुरुजींनी माझ्या नवऱ्याचा जीव घ्यायला काढलाय."

ताईनं बटण बंद केलं. "वहिनी, बसा आधी."

"कुठं बसू, तुमच्या डोक्यावर?" असं म्हणाली आणि दाराला टेकून ती खालीच बसली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. ड्रायव्हरनं साखरेच्या दुखण्याचं इंजेक्शन बंद केलं होतं. लहानपणापासून तो ते घेत आलेला. शाळेच्या डब्याबरोबर सुई न्यायचा. लग्न ठरताना बायकोला त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की सुई चुकली तर मी नाही. आणि आता म्हणत होता, गुरुजींनी बंद कर म्हणून सांगितलंय.

"गुरुजी असं म्हणणार नाहीत," ताई म्हणाली.

"त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलंय. तुम्ही तापानं पडला होतात ना, तेव्हा. हा तुमच्या जागी गुरुजींचे पाय चेपत बसला होता. गुरुजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, सुया बंद कर, आता सुई नको. आता पाणी पोटात ठरत नाही त्याच्या. डॉक्टरीण येऊन गेली, म्हणाली रक्तात विष होतंय, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या. ॲम्ब्युलन्स आली तर हा हात जोडून नको म्हणाला. ते म्हणाले, शुद्धीतला माणूस नको म्हणतोय, उचलू कसं? शुद्ध गेल्यावर या, असं मी म्हणायचं का त्यांना?" तिनं ताईचा पदर धरला. मैद्याची पाच बोटं त्यावर उमटली. "तुम्ही गुरुजींचा आवाज आहात. तुम्ही म्हणालात तर तो ऐकेल."

ताई फळ्याकडे बघायला लागली. कारण वहिनीला जे ठाऊक नव्हतं, ते ताईला ठाऊक होतं.

आता गुरुजी कोण, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

तरुणपणी गुरुजी काचेच्या कारखान्यात होते. भट्टीसमोर उभं राहायचं, लांब नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून तिची बाटली करायची, हे त्यांचं काम. छाती भात्यासारखी आणि राग भट्टीसारखा. बायको बाळंतपणात गेली तेव्हा ते पाळीवर होते. नंतर कारखान्यात परत आले ते फडताळभर बाटल्या फोडायलाच. कारखान्याच्या भिंतीशी एक म्हातारा संन्यासी पडलेला असायचा. तो काचांच्या ढिगातून अनवाणी चालत आला आणि म्हणाला, "नळीत फुंकतोस तो श्वास कुणाचा, हे विचारलंस का कधी?" बस्स. नळी तिथंच टाकून हा गडी त्याच्या मागं निघून गेला. बऱ्याच वर्षांनी परतला तो त्याच गल्लीत, सायकलीच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेऊन. अंगात पायजमा आणि बंडी. भगवं नाही, माळ नाही. सकाळी आसनं नि प्राणायाम, संध्याकाळी गाऊन प्रवचन.

आणि काय गायचे. शास्त्रातलं अवघड सूत्र घ्यावं आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यासारखं घासूनपुसून हातात द्यावं. प्राणायाम शिकवताना स्वतःच रचलेलं म्हणायचे:

*आला श्वास पाहुणा, त्याला बसवू नका फार;*
*गेला श्वास सोयरा, त्याला पोचवा दारापार.*

कुणी सिद्धीबद्दल विचारलं की म्हणायचे, "हवेत तरंगायचंय? मग फुगा घे, स्वस्त पडेल." आणि आजाऱ्याला पहिला दंडक हा, की आधी औषध, मग आसन. शरीर म्हणजे तंबोरा, तो जुळवल्याशिवाय गायला बसणारा मूर्ख. याच ड्रायव्हरला कितीदा त्यांनी वर्गातून उठवून सुई घ्यायला घरी पाठवलं होतं.

पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. राहिली नुसती कुजबुज. तेव्हा त्यांनी ताईला शेजारी बसवलं. "स्टँडवर गाड्या सोडतेस, आता माझी वाक्यं सोड," म्हणाले. ते कानात सांगायचे, ती सभेला ऐकवायची. "गुरुजी म्हणतात" म्हणून सुरू करायची, की समोरची माणसं सरसावून बसायची. तिच्या आयुष्यात याहून गोड काही नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी, भर प्रवचनात, ते कानात म्हणाले, "भट्टी विझली. मालकाला सांग."

ताई थांबली. समोर एवढी माणसं. तिच्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी म्हणतात, आतला अग्नी विझू लागला, की आधी मालकाला हाक मारावी." लोकांनी डोळे पुसले. घरी आल्यावर ताई देवापुढं बसली, पण दिवा लावायला तिचा हात धजला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज नीट बोलतील. तिसऱ्या दिवशीही वाटलं. गुरुजी कधी मेलेल्या बायकोला हाका मारत होते, कधी पाळी सुटली का विचारत होते, आणि ताई वर्षानुवर्षं साठवलेलं त्यांचंच बोलणं त्यांच्या नावानं सभेला वाढत होती. गुरुजींचा पुतण्या हॉल सांभाळायचा. त्याला कळलं होतं. "चालू दे ताई," तो म्हणाला होता, "लोकांना आधार आहे." आणि तिनं चालू दिलं.

ते असं इथवर आलं होतं.

ड्रायव्हरच्या जिन्यातच त्याचा श्वास ऐकू आला. खोल, लांब आणि घाईचा, कुणी तरी आत करवत ओढतंय असा. खोलीत शिष्यमंडळी भिंतीला टेकून, मांडी घालून बसली होती. मधे गादीवर ड्रायव्हर. गाल आत गेलेले, ओठ सुकून भेगाळलेले, आणि चेहऱ्यावर हसू. 

म्हातारे पोस्टमनकाका उशाशी बसून पंखा हलवत होते. ताईला पाहून ते हळूच म्हणाले, "या ताई, दर्शन घ्या. श्वास बघा कसा आपोआप चाललाय. आम्ही जन्मभर नाकं दाबून बसलो, आमचा नाही चालला. आणि तोंडाला सुगंध येतोय, पिकल्या फळासारखा."

"नासलेल्या फळाचा वास आहे तो," वहिनी म्हणाली. "बेकरीत असला माल मी रोज बाजूला काढते."

"बाई, संसाराचं नाक वेगळं असतं."

"हो ना. उद्या कपाळ पांढरं होणार तेही संसाराचंच."

ताई गादीशी बसली. ड्रायव्हरचा हात तिनं हातात घेतला. तो तापला होता, कोरडा होता. तिनं तोच आवाज लावला, सभेतला, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. "दादा, गुरुजी म्हणतात, इंजेक्शन घे. उठून हॉस्पिटलात जा."

तो हसला. दोन श्वासांच्या मधे एकेक शब्द बसवत म्हणाला, "ताई, तुम्ही मायेनं बोलताय. मी कानानं ऐकलंय."

"ते आधी काय सांगायचे तुला? आधी औषध, मग आसन."

"तेव्हा कच्चा होतो." परत दोन श्वास. "आता त्यांनीच बंद केलं. म्हणजे भाजून निघालो."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं आयुष्यभर घे म्हटलं, त्यानं एक दिवस नको म्हटलं, तर शिष्यानं दुसरं काय समजावं? ताईनं मान खाली घातली आणि जे कधीच बोलायचं नव्हतं ते बोलली.

"दादा, गुरुजींचं भान गेलंय. गेले कित्येक महिने. ते आपल्याला ओळखत नाहीत. सभेत मी जे सांगते ते मीच बोलते."

खोलीतला पंखा थांबला.

"कालचं मनाच्या पायऱ्यांचं?" पोस्टमनकाकांनी विचारलं. "मनाला ओढू नका, त्याला उंबऱ्यावर बसून शेंगा सोलायला लावा, असं सांगितलं ते?"

"ते मीच बोलले."

काका आधी बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. बाकीचेही हसले. "ताई, रागावू नका. तुमचा आवाज छान आहे. पण ते बोलणं तुमच्या डोक्यातून? एवढी वर्षं शेजारी बसून माणसाला असं वाटायला लागतं. अहंकार फार बारीक पावलांनी येतो, हे गुरुजींनीच परवा सांगितलं."

परवाचं तेही तिनंच सांगितलं होतं. तिनं इतकं चांगलं खोटं उभारलं होतं की आता खरं आत शिरायला फट राहिली नव्हती. ड्रायव्हरनं डोळे मिटले होते. वहिनी तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत आता विनवणी उरली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही आम्हाला रोज त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लावलंत."

ताई उठली. "मी त्यांना घेऊन येते," म्हणाली.

हॉलवर पुतण्या सतरंज्या झटकत होता. त्यानं ऐकलं आणि जिन्यातच हात आडवे लावून उभा राहिला. "वेडी झालीस का? लोकांनी काकांना असं बघायचं? सगळं विस्कटेल, ताई. इथं कोण येईल मग?"

"नाही आलं तर नाही आलं. तिकडं माणूस मरतोय."

"काका नाही म्हणाले असे. मुळात ते त्याच्याशी बोललेच नसतील. तू तापानं पडली होतीस त्या दिवशी रक्त तपासायला नर्स आली होती. सुई बघून केवढा दंगा घातला त्यांनी. नंतर दिवसभर तेच घोकत होते, सुया बंद करा, सुई नको."

हे ऐकलं आणि ताई जिन्याच्या पायरीवर बसलीच. एवढंच होतं तर. एका घाबरलेल्या म्हाताऱ्यानं जवळचा हात धरून स्वतःपुरती दया मागितली होती, आणि हात धरलेल्या माणसाला वाटलं, प्रसाद मिळाला.

पुतण्यानं हात खाली घेतले. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण त्यानंच गुरुजींना चप्पल घातली आणि रिक्षा आणली.

रिक्षात गुरुजी ताईला चिकटून बसले. "पाळी लागायची वेळ झाली का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हो गुरुजी. जवळच जायचंय."

"ती घरी एकटी आहे. तिचे दिवस भरलेत."

ताईनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. हात मात्र सोडला नाही.

दोघांनी धरून त्यांना जिना चढवला. गुरुजी दारात दिसले तशी खोली उभी राहिली. कुणी जमिनीवर लोटांगण घातलं, कुणाला रडू फुटलं. ड्रायव्हरनं मान उचलायचा प्रयत्न केला आणि हात जोडले. श्वास आता आणखी वाढला होता, पण डोळ्यांत असं काही उजळलं की ताईला तिथून पळून जावंसं वाटलं.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग ताईच्या कानाशी तोंड नेलं. खोली इतकी शांत होती की कुजबुज सगळ्यांनी ऐकली. "हा कोण?"

"ऐकलंत ना," ताई म्हणाली. "ओळखत नाहीत."

पण पोस्टमनकाकांनी डोळे मिटून मान डोलावली होती. "हा कोण," ते पुटपुटले. "वा. शेवटच्या घडीला हाच प्रश्न विचारायचा असतो. हे शरीर कोण, हा श्वास कोण." आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, समाधानाचं.

ताईनं मनात देवाला हाक मारली. देवानं उत्तर दिलं नाही, पण काय करायचं ते तिला दिसलं. ते इतकं वाईट होतं की तिनं गुरुजींकडे बघून मनातल्या मनात आधी क्षमा मागितली. मग म्हणाली, "वहिनी, सुई काढा."

"तो घ्यायचा नाही."

"त्याला टोचायची नाही. नुसती काढा. गुरुजींच्या समोर धरा."

वहिनीनं फडताळातला डबा उघडला. टोपण काढलं. बारीकशी सुई, खिडकीच्या उजेडात नीट दिसली सुद्धा नसती. गुरुजींना ती दिसली.

आधी ते नुसते मागं सरकले. मग भिंत लागली. मग ज्या गळ्यातून एवढ्या वर्षांत आवाज निघाला नव्हता त्यातून एक घरघर निघाली, आणि ते ताईच्या पाठीमागं लपले. दोन्ही हातांनी तिचा पदर डोक्यावर ओढून घेऊन ते म्हणत होते, "सुया बंद कर. बाई, मला नको. आता सुई नको. बंद कर ना." त्यांचा पायजमा ओला झाला. फरशीवर ओघळ आला आणि तो पोस्टमनकाकांच्या पायांपाशी जाऊन थांबला.

 कुणाला अर्थ लावता येईना.

ड्रायव्हर बघत होता.  त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझताना ताईनं पाहिलं, आणि तिला कळलं की हे आपण केलं, आणि हे आपल्या हातून पुसलं जाणार नाही.

"मला नव्हते सांगत," तो म्हणाला.

"नाही दादा."

"सुई दडव," तो बायकोला म्हणाला. "ते घाबरलेत. त्यांचं तोंड तिकडं करा कुणीतरी." मग त्यानं उशीवर मान टाकली. "आणि बोलाव त्यांना. गाडीवाल्यांना."

डॉक्टरिणीला फोन झाला. तिनं सांगितलं तेवढं इंजेक्शन वहिनीनं पदराच्या आडोशानं दिलं. ॲम्ब्युलन्स आली. त्याला जिन्यावरून उतरवताना तो करवतीसारखा श्वास खालपर्यंत ऐकू येत राहिला. आता कुणालाही तो प्राणायाम वाटत नव्हता. वहिनी मागून उतरली ती ताईकडे न बघता.

खोलीत मंडळी तशीच उभी होती. एकेक जण चप्पल शोधून निघाला. पोस्टमनकाका राहिले. त्यांनी मोरीतून बादली आणली आणि फरशी पुसायला बसले. बराच वेळ पुसत होते. मग मान वर न करता म्हणाले, "आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रडायचात," ताई म्हणाली. "मी बोलले की तुम्ही रडायचात, बरं वाटून. मला ते थांबवता येईना."

काकांनी फडकं पिळलं. "त्यांचे दुसरे कपडे कुठं असतात?"

संध्याकाळी हॉलवर फोन आला. वहिनी हॉस्पिटलच्या बाहेरून बोलत होती. मागं गाड्यांचा आवाज येत होता. सलाईन लावलंय, म्हणाली. डॉक्टर धड काही सांगत नाहीत, उशीर फार केलात, एवढंच म्हणतात. "एकदा डोळे उघडले. विचारलं, गुरुजींना कोरडं केलं का कुणी."

"केलं म्हणून सांगा."

"सांगते." मग ती म्हणाली, "तुमच्याबद्दल काही बोलला नाही." आणि फोन ठेवला.

खाली जिन्यात पावलं वाजायला लागली होती. दुपारचं ज्यांना ठाऊक होतं त्यांतले थोडे आले, ठाऊक नसलेले बरेच. सतरंज्या भरल्या. पुतण्या दाराशी उभा राहून ताईकडे केविलवाणं बघत होता. गुरुजींना स्वच्छ पायजमा घालून जागेवर बसवलं होतं. ताई शेजारी बसली. गुरुजी तिच्या कानाशी झुकले, आणि समोरची माणसं सवयीनं सरसावून बसली.

ताईनं ऐकलं आणि सभेकडे तोंड केलं. 

"गुरुजी म्हणतात, पाणी हवंय."

लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे मिटून हात जोडले. कुणीतरी मागं हळूच म्हणालं, "पाणी. अहाहा."

"तहान लागलीय त्यांना," ताई म्हणाली. "प्यायचं पाणी."

सभा अर्थाची वाट बघत बसून राहिली. आणखी डोळे मिटले. भिंतीपाशी पोस्टमनकाका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माणसांच्या मधून वाट काढत माठाकडे निघाले.